किरकोळ अपघाताचा हिशेब

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ अपघात नोंदले गेले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. असे आकडे दरवर्षी प्रसिद्ध होतात, त्यांवर चर्चा झडते, समित्या नेमल्या जातात. ते योग्यच आहे. मात्र या अहवालांत जे येत नाही, किंवा आले तरी ओझरते येते, ते म्हणजे शहरांतील रस्त्यांवर रोज उठून होणारे लहानसहान धक्के. सिग्नलपाशी मागच्या मोटारीने पुढचीला दिलेली ठोकर, वळणावर रिक्षाने मोटारीच्या दारावर ओढलेला ओरखडा, अचानक उघडलेल्या दारावर आदळून पडलेला दुचाकीस्वार. पोलिसांपर्यंत पोहोचतील तेवढेच अपघात सरकारी आकड्यांत येणार, आणि हे तिथवर पोहोचतच नाहीत. त्यांचा निकाल रस्त्यावरच लागतो. तो कसा लागतो हे शहरात राहणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले आहे.

दोन्ही गाड्या आहेत तेथेच, रस्त्याच्या मधोमध, उभ्या राहतात. चालक खाली उतरतात. पहिला प्रश्न ‘कुठे लागले का?’ हा असावयास हवा. तो बहुधा ‘दिसत नाही का?’ हा असतो. पाहता पाहता पंधरा-वीस माणसे जमतात. त्यांपैकी निम्म्यांनी काहीही पाहिलेले नसते, पण मत प्रत्येकाला असते. पाचशेपासून बोली सुरू होते, दोन हजारांवर जाते, आणि कोठेतरी मध्ये अडकते. मागे शे-दोनशे गाड्यांचे भोंगे वाजत असतात. अखेर पैसे हातात पडतात, किंवा दोघे एकमेकांस शिव्या देत निघून जातात, किंवा संधी साधून एकजण गाडी दामटतो. भांडण, रोकड आणि पळ काढणे या तीन मार्गांपलीकडे चौथा मार्ग असतो याची जाणीव त्या गर्दीत क्वचितच कोणाला असते.

या वर्तनाला बेशिस्त म्हणून सोडून देण्याची आपल्याकडे रीत आहे. नागरिकशास्त्राचा धडा नीट शिकवला गेला नाही, संस्कार कमी पडले, असे म्हटले की विषय संपतो. हे निदान सोपे असले तरी अपुरे आहे. तोच चालक बँकेत रांगेत उभा राहतो, विमानतळावर पट्टा काढून पेटीत ठेवतो, प्राप्तिकराचे विवरणपत्र मुदतीत भरतो. रस्त्यावर मात्र तो वेगळा वागतो, कारण कायद्याने आखून दिलेला मार्ग त्याला रस्त्यावरच्या तडजोडीपेक्षा महाग पडतो. हा प्रश्न मनोवृत्तीपेक्षा हिशेबाचा अधिक आहे, आणि तो हिशेब मांडून पाहणे आवश्यक आहे.

कायद्याची अपेक्षा

१९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याच्या कलम १३२ नुसार अपघातात सापडलेल्या वाहनाच्या चालकाने नुकसान झालेल्या व्यक्तीस, तिने आपले नाव-पत्ता दिल्यास, स्वतःचे व वाहनमालकाचे नाव आणि पत्ता देणे बंधनकारक आहे. कलम १३४ याहून पुढे जाते. कोणास इजा झाली असेल तर तिला वैद्यकीय मदत मिळवून देण्यासाठी चालकाने शक्य ते सर्व केले पाहिजे. पोलीस अधिकारी तेथे नसेल तर जवळच्या ठाण्यावर शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत चोवीस तासांच्या आत, घटनेची माहिती दिली पाहिजे. आपल्या विमा कंपनीस विमापत्राचा क्रमांक, अपघाताची वेळ, स्थळ आणि इतर तपशील लेखी कळवला पाहिजे. हे कर्तव्य केवळ माणूस जखमी झाल्यावर लागू होते असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. तिऱ्हाइताच्या मालमत्तेचे नुकसान झाले तरीही कलम १३४ लागू होते, आणि दुसऱ्याच्या मोटारीचा मागचा दिवा ही तिऱ्हाइताची मालमत्ता आहे. कर्तव्य टाळणाऱ्यास कलम १८७ मध्ये कैद व दंड सांगितला असून २०१९ च्या दुरुस्तीने त्या शिक्षेत वाढ झाली.

कलम शब्दशः वाचले तर शहरात वर्षानुवर्षे गाडी चालवणारा क्वचितच एखादा माणूस या गुन्ह्यापासून मुक्त असेल. ज्या कायद्याचा भंग सर्वांकडून होतो आणि ज्याबद्दल जवळपास कोणासही जाब विचारला जात नाही, त्याविषयी नागरिकाच्या मनात आदर तर उरत नाहीच, पण त्याचे नेमके म्हणणे काय आहे याचीही विस्मृती होते. याच कलमातील एक शब्दप्रयोग लक्षणीय आहे. जखमीस मदत करण्याच्या कर्तव्याला जे अपवाद सांगितले आहेत त्यांत जमावाचा प्रक्षोभ हे कारण स्पष्टपणे नमूद आहे. म्हणजे अपघातानंतर जमाव चालकावर धावून जाईल आणि त्या क्षणी राज्यसंस्था त्याला वाचवू शकणार नाही, हे कायदा करणाऱ्यांनी गृहीत धरलेले होते. जानेवारी २०२४ मध्ये मालमोटार चालकांनी देशभर जो संप केला तो प्राणघातक अपघातानंतर पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैद सांगणाऱ्या नव्या तरतुदीविरुद्ध होता. थांबलो तर जमाव मारील आणि न थांबलो तर कायदा, हा त्यांचा युक्तिवाद होता. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ रोजी अमलात आली ती कलम १०६ चे हे उपकलम वगळून. मोठ्या अपघातातील ही भीती किरकोळ अपघातातही सौम्य स्वरूपात हजर असते, आणि सरळ माणसाचेही पाऊल तिने चुकते.

असे असले तरी आजच्या चौकटीतही चालकाने काय करावे हे पुरेसे स्पष्ट आहे. थांबावे, इंजिन बंद करावे, धोक्याचे दिवे लावावे. सर्वांत आधी माणसांकडे पाहावे, पत्र्याकडे नंतर. दुचाकीवरून पडलेला माणूस चटकन उठून ‘काही नाही झाले’ म्हणतो, त्यावर विसंबू नये. भीतीच्या भरात दुखणे जाणवत नाही, आणि डोक्याला मार लागला असेल तर त्याची लक्षणे काही तासांनीही दिसू शकतात. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक आहेत. जखमीस रुग्णालयात नेणाऱ्या तिऱ्हाइतास पोलिसांचा ससेमिरा लागेल ही जुनी भीती आता बाळगण्याचे कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अशा मदतनीसांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ द्वारे त्यांना कायद्याचे बळ मिळाले.

कोणासही इजा नसेल तर दोन्ही गाड्यांची परस्परस्थिती, क्रमांकाच्या पाट्या आणि नुकसान दिसेल अशी चार-सहा छायाचित्रे घेऊन गाड्या ताबडतोब कडेला घ्याव्यात. पोलीस येईपर्यंत गाडी हलवायची नाही हा आग्रह, पंचनाम्याची गरज पडणाऱ्या गंभीर अपघातात योग्य आहे. ओरखड्यासाठी तो धरणे म्हणजे इतरांच्या वेळेची लूट आहे. समजा, वीस मिनिटांच्या हुज्जतीपायी पाचशे वाहने सरासरी दहा मिनिटे खोळंबली, तर एकूण त्र्याऐंशी तासांहून अधिक वेळ वाया गेला. त्याची किंमत बंपरच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त भरेल, आणि ती भांडणाऱ्या दोघांपैकी कोणीही मोजत नाही. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास बाह्य परिणाम समजावून सांगण्यासाठी कारखान्याच्या धुराड्यापेक्षा हे उदाहरण अधिक जवळचे ठरावे.

त्यानंतर नावे, दूरध्वनी क्रमांक, परवान्याचा आणि विमापत्राचा तपशील यांची देवाणघेवाण. ही एके काळी कठीण गोष्ट होती. मोटारीतील कप्प्यात कागद सापडत नसत, सापडले तर मुदत संपलेली असे. आता एमपरिवहन किंवा डिजिलॉकरमध्ये ते भ्रमणध्वनीवर दाखवता येतात, आणि वाहनाच्या क्रमांकावरून त्याचा विमा चालू आहे की नाही हेही पाहता येते. साधने आली, पण त्यांच्याशी सुसंगत रीत मात्र अद्याप रुळलेली नाही.

पाच हजारांसाठी पंधरा हजार

इथवर सर्व ठीक आहे. पण एवढे सर्व करून चालकाच्या पदरात काय पडते, हा पुढचा प्रश्न आहे, आणि गाडे तेथेच अडते.

मोटार विम्याचे दोन भाग असतात. तिऱ्हाइताच्या हानीचा विमा कलम १४६ नुसार सक्तीचा आहे. स्वतःच्या वाहनाच्या हानीचा विमा ऐच्छिक आहे. या दुसऱ्या भागाच्या हप्त्यावर, वर्षभर दावा न केल्यास पुढील वर्षी वीस टक्के सूट मिळते. ती दर निर्दावा वर्षागणिक पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस आणि अखेर पन्नास टक्क्यांपर्यंत वाढते. लोकांच्या तोंडी असलेला ‘नो क्लेम बोनस’ तो हाच. एक दावा केला की सूट शून्यावर येते.

आता सूट पन्नास टक्क्यांवर पोहोचलेला एक विमेदार घेऊ. त्याचा या भागाचा मूळ हप्ता बारा हजार रुपये आहे असे मानू. म्हणजे तो सहा हजार भरतो. मागून आलेल्या गाडीने त्याचा बंपर फोडला. नव्या बंपरची किंमत सहा हजार, मजुरी आणि इतर खर्च तीन हजार, एकूण नऊ हजार. प्लॅस्टिकच्या सुट्या भागांवर घसारा पन्नास टक्के धरला जातो, तेव्हा बंपरचे तीन हजारच मिळणार. पंधराशे घनसेंटीमीटरपर्यंतच्या खासगी मोटारीस एक हजाराची अनिवार्य वजावट आहे, ती गेली. हाती आले पाच हजार. पुढील वर्षी तो सहाऐवजी बारा हजार भरेल, त्याच्या पुढच्या वर्षी ९,६००, मग ९,०००, मग ७,८००, मग ६,६००, आणि सहाव्या वर्षी पुन्हा सहा हजारांवर येईल. या पाच वर्षांत त्याने जास्तीचे भरलेले पैसे होतात पंधरा हजार. गाडी जुनी होत जाते तसा मूळ हप्ताही उतरत असल्याने प्रत्यक्षात हा आकडा काहीसा कमी भरेल, आणि जादा हप्ता देऊन घसाऱ्यापासून वा सूट बुडण्यापासून संरक्षणही घेता येते. पण मूळ गणित बदलत नाही. पाच हजारांसाठी पंधरा हजार घालवण्यापेक्षा रस्त्यावर दीड हजारावर तोड करणे हा त्या विमेदाराच्या दृष्टीने शहाणपणाचा व्यवहार ठरतो.

येथे एक मुद्दा ठळकपणे लक्षात घेतला पाहिजे. या विमेदाराचा काडीचाही दोष नव्हता. तो सिग्नलला उभा होता. तरीही सूट त्याचीच बुडते, कारण ती दावा न करण्याबद्दलची सूट आहे, दोष नसण्याबद्दलची नव्हे. विमा कंपनी विचारते ते ‘पैसे मागितले का?’ एवढेच. ‘चूक कोणाची?’ हा प्रश्न सूट ठरवताना उद्भवतच नाही. गाडी सावकाश चालवणाऱ्याला उत्तेजन मिळावे हा अशा सवलतीमागील हेतू सांगितला जातो. प्रत्यक्षात उत्तेजन मिळते ते अपघात लपवण्यास.

मग ज्याने ठोकले त्याच्या विमा कंपनीकडून भरपाई का घेऊ नये? खासगी मोटारीच्या नेहमीच्या विमापत्रात तिऱ्हाइताच्या मालमत्तेच्या हानीसाठी साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असते. रक्कम कमी नाही. पण ती मिळवण्याचा मार्ग मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातून जातो. ज्या न्यायाधिकरणांपुढे कर्ता पुरुष गेलेल्या कुटुंबांची प्रकरणे वर्षानुवर्षे पडून असतात, तेथे नऊ हजारांच्या बंपरसाठी वकीलपत्र दाखल करणे म्हणजे केवळ हास्यास्पद नव्हे, तर त्या कुटुंबांवर अन्याय करणारेही आहे. ही दारे कागदोपत्री उघडी आहेत आणि व्यवहारात बंद आहेत. ठाण्यावर जावे तर तेथेही अडचण आहे. भरधाव व निष्काळजीपणे वाहन चालवण्याचा गुन्हा, जो पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम २७९ खाली होता आणि आता न्याय संहितेच्या कलम २८१ खाली आहे, आपसात मिटवता येण्याजोग्या गुन्ह्यांच्या यादीत नाही. एकदा तो नोंदला गेला की दोन्ही पक्षांची इच्छा असूनही प्रकरण सहजासहजी संपत नाही. तारखा पडतात. म्हणून ठाणे अंमलदारही बहुतेक वेळा दोघांना बाहेर बसवून ‘बघा, मिटवता येते का’ असेच सुचवतो. त्याचे ते सुचवणे आळसापोटी असते असे नाही. बऱ्याचदा त्यात व्यवहारज्ञान आणि थोडीशी दयाही असते.

विमापत्राच्या छापील अटींत आणखी एक मेख आहे. कंपनीच्या लेखी संमतीवाचून विमेदाराने चूक कबूल करू नये, रक्कम देऊ करू नये, वचन देऊ नये, असे तेथे लिहिलेले असते. म्हणजे रस्त्यावर पैसे देऊन मिटवणे हे विमा कराराच्या शर्तींविरुद्ध आहे. ज्या तडजोडीकडे सर्व व्यवस्था चालकाला ढकलते, ती तडजोड करण्यास तिने मनाईही करून ठेवली आहे. जखमीची विचारपूस करणे, त्याला पाणी देणे, दवाखान्यात नेणे ही कबुली नव्हे, हे मात्र सर्वांनी पक्के ध्यानात ठेवावे. विमापत्राच्या भीतीने माणुसकी आखडती घेण्याचे कारण नाही.

चौकातील घासाघीस

रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने १९६० मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात असे दाखवून दिले की, हक्क स्पष्ट असतील आणि वाटाघाटींना खर्च येत नसेल तर एकाच्या कृतीने दुसऱ्याचे झालेले नुकसान दोघे आपसातील सौद्याने कार्यक्षमतेने मिटवू शकतात. त्यांना १९९१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या चौकांतील घासाघीस वरवर पाहता याच सिद्धान्ताचे प्रात्यक्षिक वाटते. सरकार नाही, न्यायालय नाही, दोन माणसे आणि एक सौदा. परंतु कोस यांचा खरा भर वाटाघाटींचा खर्च शून्य नसतो यावर होता, आणि या सौद्यात तो खर्च पुरेपूर आहे. डेंटिंग-पेंटिंगला किती लागतील हे दोघांपैकी कोणालाही ठाऊक नसते. नेमके नुकसान आत कोठवर पोहोचले हे गॅरेजमध्ये गेल्याशिवाय कळत नाही. घड्याळ पुढे सरकत असते, आणि ज्याला घाई अधिक तो अधिक देतो. हक्क कोणाचा हे तर मुळीच ठरलेले नसते. ते ठरवायला जमाव पुढे सरसावतो.

जमावाचा एक ठरलेला न्याय आहे. चूक मोठ्या गाडीची. पादचारी आणि सायकल यांत सायकलची, सायकल आणि दुचाकी यांत दुचाकीची, दुचाकी आणि मोटारीत मोटारीची. सुशिक्षित वर्गाला हा न्याय अडाणीपणाचा वाटतो. वास्तविक त्यामागे एक तर्क आहे. चौकशीची सोय नसलेल्या ठिकाणी, ज्याची ऐपत जास्त आणि ज्याला इजा कमी त्याने भार उचलावा, ही अगदीच टाकाऊ वाटणी म्हणता येणार नाही. दोष तिच्या लहरीपणात आहे. तीच गर्दी मोटारीच्या काचेवर एखाद्या पक्षाचे चिन्ह दिसले, किंवा आतून चार धट्टेकट्टे उतरले, की क्षणात निकाल फिरवते. उलट एखादी महिला एकटी चालवत असेल तर चूक पाहण्याच्या आधीच निकाल देते.

या सौद्यात सर्वाधिक कोण नाडला जातो हे पाहिले म्हणजे प्रश्न किरकोळ राहत नाही. मोटारमालकाचे जाते ते पैसे आणि थोडा अभिमान. दुसऱ्याची रिक्षा पाळीवर चालवणाऱ्याची स्थिती वेगळी. पुढचा मडगार्ड चेपला तर दुरुस्ती त्याच्या कमाईतून, आणि गाडी उभी राहील तितके दिवस कमाईही बंद. पगारी चालकाने मालकाच्या गाडीला पोचा पाडला तर पुष्कळ ठिकाणी तो पगारातून कापला जातो. म्हणून तो रस्त्यावर जिवाच्या आकांताने भांडतो, आणि मागे आरामात बसलेल्यास त्याचे ते भांडण असंस्कृत वाटते. घरोघर जेवणाचे डबे आणि सामान पोहोचवणारी तरुण मुले तर या साखळीत सर्वांत खाली आहेत. मोटारीच्या दाराला धडकून पडलेला असा एखादा मुलगा गुडघा झाडून उठतो, पाचशे रुपये घेतो आणि पुढच्या घराकडे निघतो, कारण पोहोचवण्याची वेळ टळली तर पैसे कापले जातील. आठ दिवसांनी गुडघा सुजतो. डॉक्टर सांगतात की आतला अस्थिबंध फाटला आहे. आता त्याच्यापाशी मोटारीचा क्रमांक नाही, चालकाचे नाव नाही, ठाण्यात नोंद नाही. शरीराच्या इजेसाठी न्यायाधिकरणाकडे जाण्याचा जो हक्क त्याला खरोखरीच होता, आणि जेथे जाणे त्याच्या बाबतीत मुळीच हास्यास्पद नव्हते, तो हक्क त्याने पाचशे रुपयांत नकळत विकलेला असतो. अशा अर्जांस सहा महिन्यांची मुदत घालणारी तरतूद १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा कायद्यात आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले असले तरी, पुरावाच नसलेल्याला मुदत वाढवून मिळाली काय आणि न मिळाली काय, फरक पडत नाही.

इजा असलेल्या अपघाताची नोंद चोवीस तासांत झालीच पाहिजे, असे कायदा जे म्हणतो त्याचे महत्त्व येथे कळते. मोटार चालवणाऱ्याने ही नोंद आपल्याविरुद्धचा पुरावा म्हणून टाळू नये. उद्या पन्नास हजारांची किंवा पाच लाखांची मागणी झाली तर त्याची विमा कंपनी त्याच्या मागे उभी राहील ती याच नोंदीच्या आधारे. ठाण्यावर गाडी अडकवून ठेवतील ही भीतीही अनाठायी आहे. कलम १३६ नुसार तपासणीसाठी नेलेले वाहन औपचारिकता पूर्ण झाल्यावर चोवीस तासांत परत देणे अपेक्षित आहे. हे कलम ठाऊक असलेला चालक ते नम्रपणे निदर्शनास आणून देऊ शकतो. अर्थात त्याचा उपयोग प्रत्येक ठाण्यावर सारखाच होईल असे समजणे भाबडेपणाचे ठरेल.

एका कागदाची किंमत

मग यातून वाट काढता येणार नाही काय? फ्रान्समध्ये अशा प्रसंगासाठी एक साधा छापील कागद अनेक दशके वापरात आहे. प्रत्येक मोटारीत तो असतो. धडक झाली की दोन्ही चालक एकाच कागदावर, एकाने डाव्या आणि दुसऱ्याने उजव्या रकान्यात, आपला तपशील भरतात. गाडी उभी होती, वळत होती की मागे येत होती, हे ठरावीक चौकोनांत खूण करून सांगतात, छोटा नकाशा काढतात आणि दोघेही सही करतात. प्रत दोघांना मिळते. या सहीने चूक कबूल होत नाही. काय घडले एवढेच त्या कागदावर नोंदले जाते. दोष किती कोणाचा हे विमा कंपन्या आपसात आधीच ठरवलेल्या कोष्टकानुसार ठरवतात आणि प्रत्येक कंपनी आपापल्या ग्राहकाचे पैसे चुकते करते. महत्त्वाचे हे की हप्त्यातील वाढ दोषाशी जोडलेली आहे. निर्दोष वर्षाला हप्त्याचा गुणक पाच टक्क्यांनी घटतो, स्वतःच्या दोषाच्या अपघाताने तो पंचवीस टक्क्यांनी वाढतो, दोष अर्धा असेल तर साडेबारा टक्क्यांनी. ज्याचा दोष नाही त्याला दंड नाही. २०१४ पासून हाच कागद भ्रमणध्वनीवरही भरता येतो.

फ्रेंच माणूस स्वभावाने शांत असतो म्हणून हे जमले असे त्या देशाची थोडीही माहिती असलेला कोणी म्हणणार नाही. पॅरिसच्या रस्त्यांवरही आवाज चढतात. फरक इतकाच की आवाज चढवून तेथे काही मिळत नाही, आणि कागद भरून मिळते.

भारतात सर्वसाधारण विम्याचे १९७३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले, १९९९ च्या कायद्याने स्वतंत्र नियामक आला, खासगी कंपन्या आल्या, १ जानेवारी २००७ पासून स्वतःच्या वाहनहानीच्या विम्याचे दर मुक्त झाले, २०१८ पासून नव्या मोटारीस तीन आणि दुचाकीस पाच वर्षांचा तिऱ्हाईत विमा एकदम घेण्याची सक्ती आली. या सर्व सुधारणा हप्ता आणि मालकी यांभोवती फिरल्या. अपघातानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात दोन अनोळखी माणसांनी एकमेकांशी कसा व्यवहार करावा, याची एकही रीत त्यांतून निर्माण झाली नाही. विमा नियामकाने सर्व कंपन्यांना बंधनकारक असा एकच संयुक्त निवेदनाचा नमुना ठरवून द्यावा. तो मराठीसह सर्व राज्यभाषांत असावा, आणि विमापत्रासोबतच मिळावा. दोघांनी सही केलेले असे निवेदन, कोणासही इजा नसलेल्या अपघातात, कलम १३४ मधील पोलिसांना द्यावयाच्या माहितीइतकेच ग्राह्य धरले जाईल, अशी तरतूद संसदेने करावी. मालमत्तेच्या लहान दाव्यांना, समजा पन्नास हजारांपर्यंतच्या, न्यायाधिकरणाची पायरी चढावी लागू नये. दोषी गाडीच्या विमा कंपनीने ते ठरावीक दिवसांत थेट चुकते करावेत. आणि दाव्यावरील सूट दोषाशी जोडावी.

या शेवटच्या सूचनेस कंपन्यांचा विरोध होईल. खोटे दावे वाढतील, संगनमत होईल, असे त्या म्हणतील. हा आक्षेप पोकळ नाही. दोन मित्रांनी ठरवून एकमेकांच्या जुन्या पोच्यांची भरपाई उकळणे शक्य आहे. परंतु चौकाचौकांत कॅमेरे लावून घरबसल्या दंडाच्या पावत्या पाठवण्याची क्षमता ज्या राज्याने मिळवली आहे, त्याला तेच चित्रण अपघातग्रस्त नागरिकाने मागितल्यास देता आले पाहिजे, आणि खोटेपणा पकडण्यासाठी ते पुरेसे साधन आहे. दंडासाठी डोळे उघडे आणि भरपाईच्या वेळी बंद, ही यंत्रणेची आजची तऱ्हा आहे. विमाच नसलेल्या वाहनांचा, विशेषतः जुन्या दुचाकींचा, प्रश्न यापेक्षा अवघड आहे. तो संयुक्त निवेदनाने सुटणार नाही. त्यासाठी हप्ता वेळेवर न भरणाऱ्याला शोधून काढण्याचे वेगळे काम करावे लागेल.

हे सर्व होईपर्यंत मोटारीच्या कप्प्यात दोन कोरे कागद आणि एक लेखणी ठेवण्यास कोणत्याही नियामकाची परवानगी लागत नाही. तारीख, वेळ, ठिकाण, दोन्ही वाहनांचे क्रमांक, दोघांची नावे आणि दूरध्वनी, विमा कंपन्यांची नावे, कोणती गाडी कोणत्या दिशेने जात होती, कोठे काय मोडले, कोणास इजा झाली किंवा नाही आणि उपस्थितांपैकी कोणी साक्षीस तयार असल्यास त्याचे नाव, एवढे दहा ओळींत मावते. चूक कोणाची हे त्यात लिहू नये. दोन प्रती, दोघांच्या सह्या. दुसरा सही करण्यास तयार नसेल तर एकट्याने लिहून, छायाचित्रांसह, त्याच दिवशी विमा कंपनीस आणि गरज असेल तर ठाण्यावर द्यावे. दुचाकीवरून पडलेल्याने मदत म्हणून पैसे घेतले तरी हा कागद मात्र घेतल्याशिवाय जाऊ नये, आणि त्याने मागितला नाही तर मोटारवाल्याने तो आपण होऊन त्याच्या हातात ठेवावा.